वजन विषांमुळे वाढतं, म्हणून रस प्यायचा?

गेले दोन महिने एक मजकूर आमच्या नातेवाइकांच्या तीनही व्हॉट्सअ‍ॅप गटांवर फिरतोय. त्याचं म्हणणं असं: वजन खाण्यामुळे वाढतच नाही. प्लास्टिक, कीटकनाशकं, सौंदर्यप्रसाधनं यांतली विषं अंगात साठतात, त्यांना कोंडून ठेवायला शरीर चरबी बनवतं आणि ती विषं निघाल्याशिवाय वजन उतरत नाही. खाली २१ दिवसांचा ‘डिटॉक्स’: सकाळी अनशापोटी दुधीचा रस, रात्री एक पावडर, झोपताना तळपायांना पट्ट्या.

माझ्या मावशीने तो मनापासून केला. पावडर विकणाऱ्या बाईंनी ‘गोळी म्हणजेसुद्धा केमिकलच’ असं सांगितल्यामुळे तिने थायरॉइडची गोळीही बंद केली. चौथ्या आठवड्यात तिचा चेहरा सुजला, आवाज घोगरा झाला आणि वजन वाढलं. म्हणून हे लिहायला बसले.

आधी खरं काय ते सांगते, कारण या मजकुरात खऱ्याचा अंश आहे आणि म्हणूनच तो पटतो. जहाजांच्या तळाला शेवाळ आणि शिंपले चिकटू नयेत म्हणून ट्रायब्युटिलटिन नावाचं रसायन रंगात घालत. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन इथल्या ब्रूस ब्लुमबर्ग आणि फेलिक्स ग्र्युन यांनी २००६ मध्ये दाखवलं, की गाभण उंदरिणीला हे रसायन दिलं तर तिच्या पिल्लांच्या अंगात चरबी जास्त धरते. चरबीच्या पेशी तयार करण्याची जी कळ शरीरात असते, तीच हे रसायन दाबतं. अशा पदार्थांना त्यांनी ‘ओबेसोजेन’ हे नाव दिलं. माणसांतही गर्भावस्थेचा काळ नाजूक असतो. गरोदरपणी सिगारेट ओढणाऱ्या आयांच्या मुलांमध्ये पुढे जास्त वजनाची शक्यता सुमारे दीडपट दिसते, हे १४ अभ्यास एकत्र करून पाहिलेलं आहे. तेव्हा ‘रसायनांचा वजनाशी काही संबंध नाही’ असं कुणी म्हटलं तर मी त्यांच्याशीही वाद घालेन.

पण म्हणून ‘खाण्यामुळे वजन वाढतच नाही’ हे खरं ठरत नाही. ही रसायनं भूक, चरबीच्या पेशींची संख्या, ऊर्जा खर्च होण्याचा वेग अशा गोष्टींमध्ये ढवळाढवळ करू शकतात. त्या पेशींत जे भरलं जातं, ते मात्र ताटातूनच येतं. अमेरिकेत केव्हिन हॉल या संशोधकांनी २० जणांना संस्थेत ठेवून दोन आठवडे कारखान्यात खूप प्रक्रिया झालेलं अन्न आणि दोन आठवडे साधं अन्न हवं तेवढं खायला दिलं. साखर, मीठ, चरबी, तंतू यांचं प्रमाण दोन्हींकडे सारखंच होतं. तरी पहिल्या प्रकारात लोक रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त जेवले आणि त्यांचं वजन सरासरी ०.९ किलोने वाढलं.

मजकुरात एक आलेखही आहे, तोही जुनाच. रसायनांचं उत्पादन आणि लठ्ठपणा सोबत वाढले, असा तर्क २००२ मध्ये पॉला बेली-हॅमिल्टन या संशोधिकेने मांडला होता आणि तो तर्क म्हणूनच मांडला होता. त्याच काळात टीव्ही, स्कूटर, पाम तेल आणि बिस्किटांचे पुडेही वाढले.

आता सगळ्यात पटणारा मुद्दा: विषाला कोंडायला शरीर चरबी बनवतं. इथे कार्यकारणच उलटं लावलंय. डीडीटी या कीटकनाशकासारखी रसायनं पाण्यात विरघळत नाहीत, तेलात विरघळतात, म्हणून ती चरबीत जाऊन बसतात. आपल्या रायगडमधल्या रसायनीला डीडीटी बनत असे. शेतीत त्यावर १९८९ मध्ये बंदी आली, तरी ते अंगात वर्षानुवर्षं टिकतं. पण ते अंगात असलं म्हणून चरबी उतरायची थांबत नाही. माणूस बारीक होतो तेव्हा चरबीतली अशी रसायनं रक्तात उतरतात आणि तिथलं त्यांचं प्रमाण वाढतं, हे मोजलेलं आहे. म्हणजे चरबी आधी जाते, विष मागे उरतं.

याहून थेट पुरावाही आहे. नॉनस्टिक भांडी आणि डाग न धरणारी कापडं यांत वापरल्या जाणाऱ्या पीएफएएस रसायनांचं प्रमाण ६२१ जणांच्या रक्तात मोजून त्यांना वजन उतरवणारा आहार दिला गेला. २०१८ मध्ये निकाल आला. पहिल्या सहा महिन्यांत वजन उतरण्यात या रसायनांमुळे फरक पडला नाही. नंतर मात्र ज्यांच्या रक्तात ती जास्त होती, त्यांचं, विशेषतः बायकांचं, वजन जास्त परतलं. उतरलेलं वजन टिकवणं काहींना जास्त जड जातं, याचं एक कारण इथे असू शकतं. मावशीसारख्या बायकांना ‘तुझाच निर्धार कमी पडला’ असं ऐकवणाऱ्यांनी हा अभ्यास लक्षात ठेवावा.

उपायांचं बघू. प्लास्टिकमधलं बिस्फेनॉल-ए हे रसायन लघवीवाटे साधारण दिवसभरात निघून जातं आणि दुसऱ्या दिवशी डबा-बाटलीतून पुन्हा येतं. ते काढायला पावडर लागत नाही, ते येणं थांबवावं लागतं. चिवट विषांचं उलट आहे, ती सहज निघत नाहीत. व्हिएन्नात डायॉक्सिनची विषबाधा झालेल्या दोन स्त्रियांच्या शरीरातून ते काढायला डॉक्टरांना ओलेस्ट्रा नावाची न पचणारी कृत्रिम चरबी खाऊ घालावी लागली होती. तळपायाची पट्टी विषाने नव्हे, घामाच्या ओलाव्याने काळी पडते. किटलीच्या वाफेवर धरली तरी पडते. पहिल्या आठवड्यात उतरणारे दोन-तीन किलो बहुतांशी पाणी असतं, कारण शरीरातली साठवलेली साखर आपल्या तिप्पट वजनाचं पाणी धरून ठेवते आणि कमी खाल्लं की दोन्ही जातात.

आणि दुधीचा रस. २०१० मध्ये दिल्लीत कडू दुधीचा रस पिऊन एका शास्त्रज्ञाचा मृत्यू झाला. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने समिती नेमली. तिचा सल्ला स्पष्ट आहे: रस पिण्याआधी चव घ्या, कडू लागला तर ओतून द्या, दुसऱ्या रसात मिसळून तर मुळीच पिऊ नका. पिऊन उलटी, जुलाब किंवा पोटात दुखू लागलं तर लगेच दवाखाना गाठा. डिटॉक्सच्या मजकुरात ‘कडू असेल तितका गुणकारी’ असं लिहिलंय. ही ओळ जीव घेऊ शकते. मजकूर पुढे पाठवला असेल तर निदान एवढी दुरुस्ती त्याच गटांवर आज टाका.

विषांची काळजी खरी असेल तर लक्ष दुसरीकडे द्यायला हवं. बाळाच्या दुधाच्या बाटलीत बिस्फेनॉल-ए नको, असं आपल्या मानकांनी २०१५ मध्येच ठरवलं. युरोपात जानेवारी २०२५ पासून अन्नाला लागणाऱ्या बहुतेक वस्तूंमध्ये टप्प्याटप्प्याने त्यावर बंदी लागू होतेय. आपण अजून उकळता चहा पातळ प्लास्टिकच्या पिशवीत बांधून आणतो. वडापाव वर्तमानपत्रात देऊ नये असा नियम आहे, तरी गाडीवर शाईचा कागद मिळतोच. तो नको म्हणायला एक पैसाही लागत नाही.

मावशीची गोळी पुन्हा सुरू झालीय. सहा आठवड्यांनी टीएसएच, म्हणजे थायरॉइडसाठीची रक्ततपासणी, करायची आहे. पावडरचा अर्धा डबा मी माझ्याकडे आणून ठेवलाय, कारण तिच्या धाकट्या जावेने तो मागितला होता.