गाई वाटाल, कडबा कुठून आणाल?

मराठवाड्यात दूध वाढत नाही कारण शेतकऱ्याकडे चांगल्या जातीची जनावरं नाहीत, असं एका लेखात वाचून हसू आलं. आमच्या लातूरकडे एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन, जास्त दुधाची परदेशी जात) गाई काय कमी आल्या? त्यांना घालायचं काय, हा खरा घोळ आहे. ज्वारी मोडून जो तो सोयाबीनवर गेला. त्याचं भुसकट गाय हुंगते नि तोंड फिरवते. मालदांडी ज्वारीचा कडबा घ्यावा तर पेंढीचा भाव ऐकूनच माणूस परत फिरतो.

त्यात उन्हाळ्यात एसएनएफ (दुधातला फॅट सोडून बाकीचा घन भाग) ८.५ टक्क्यांच्या खाली घसरला की संकलन केंद्रावर पॉइंटमागे, म्हणजे दर ०.१ टक्क्याला, भावात कपात. दूध तेवढंच, पैसे कमी. आमची दुसऱ्या वेताची गाय ह्याच पायी विकली. ओल्या चाऱ्याला पाणी नाही, मूरघास (हवाबंद मुरवलेला हिरवा चारा) विकतचा परवडत नाही, आणि अनुदान मात्र गाय घ्यायला! तेच चाऱ्याला द्या की.