व्याख्यानापेक्षा मुलींच्या बैठका अधिक उपयोगी

महाविद्यालयीन मुलींमधील खाण्याच्या विकारांवर (वजनाच्या धास्तीने उपाशी राहण्यासारख्या मानसिक आजारांवर) प्रतिबंध म्हणून तज्ज्ञांची माहितीपर व्याख्याने ठेवावीत, ही एका लेखातील सूचना चांगल्या हेतूची असली तरी अपुरी आहे, असे मला वाटते. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ एरिक स्टाइस यांनी विकसित केलेल्या 'बॉडी प्रोजेक्ट' या उपक्रमात विद्यार्थिनींना उपदेश केला जात नाही. बारीक असण्याच्या आदर्शाची किंमत तब्येत, पैसा आणि अभ्यास यांच्या रूपाने कशी मोजावी लागते, हे त्या स्वतःच बोलून, लिहून आणि छोट्या प्रसंगनाट्यांतून मांडतात. चारचौघींत जे ठामपणे नाकारले ते मनात जपणे अवघड जाते, हा मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंजर यांनी १९५७ मध्ये मांडलेला विचार त्यामागे आहे. पुढे टेक्सासमधील ट्रिनिटी विद्यापीठात कॅरोलिन बेकर यांनी या बैठका प्रशिक्षित विद्यार्थिनींकडेच सोपवल्या आणि त्याही परिणामकारक ठरल्या.

आपल्या वसतिगृहांत हे सहज करता येईल. मात्र त्याआधी, सर्वांसमोर वजन करून आकडा मोठ्याने पुकारण्याची पद्धत बंद व्हायलाच हवी. तो आकडा वहीत उतरेपर्यंत मागे कुजबुज सुरू झालेली असते आणि रांगेतल्या पुढच्या मुलीने ओढणी पोटाभोवती घट्ट धरलेली असते. वारंवार उपवास धरणारी, मेसमध्ये जेवायचे टाळणारी किंवा पाळी थांबलेली मुलगी लक्षात आली, तर 'किती छान बारीक झालीस' असे कौतुक न करता तिच्याशी एकांतात बोलावे आणि डॉक्टरांकडे सोबत जावे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांकही प्रत्येक मजल्यावर लावावा.