पेट्रोल चढत नाही

प्रीमियर पद्मिनीची टाकी मागे, इंजिन पुढे, आणि गाडीची अख्खी लांबी तेरा फुटांच्या आसपास. एवढं अंतर पेट्रोलला कापता येऊ नये आणि त्यासाठी निम्म्या दादरने सल्ला द्यावा, हे मला तरी अति वाटतं.

आमची पद्मिनी 1982 ची. बाबांनी नंबर लावून, वाट बघून बघून घेतलेली. तिच्या जुन्या टाकीला वरच्या जोडापाशी गंजून बारीक बारीक भोकं पडली होती. टाकी फुल केली की वळणावर पेट्रोल बाहेर यायचं, म्हणून आम्ही ती फुल करायचोच नाही. वास मात्र कायमचा. पाहुण्यांचं डोकं पहिल्या सिग्नललाच दुखायला लागायचं, त्यामुळे स्टेशनवर कोणाला सोडायला जाणं आपोआप कमी झालं होतं. भोकांवर साबण चोळून झाला, एम-सील लावून झालं, रेडिएटरवाल्याकडून झाळून आणली तर झाळ धरली आणि शेजारचा पत्रा फुटला. शेवटी मेस्त्री म्हणाले, "साहेब, झाळायला पत्रा तरी शिल्लक हवा ना!"

नवी टाकी कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर, गाड्यांच्या जुन्या-नव्या पार्टच्या बाजारात मिळाली. गाडीचा कारखानाही कुर्ल्यातच होता, तेव्हा माहेरची वस्तू म्हणायची. दुकानदाराने 'एकदम कोरी' म्हणून दिली. ती कोरी होती की नुसती रंगवलेली, हा प्रश्न सीएसटी रोडवर विचारायचा नसतो. मेस्त्रींनी ती बसवली, आमचंच जुनं झाकण लावलं आणि "आता बघायला नको" असं म्हणाले. हे वाक्य मेस्त्री लोक म्हणतात तेव्हा बघायला सुरुवात करावी.

टिळक पुलाच्या चढावर गाडीने दोन आचके दिले आणि बंद पडली. मागे बेस्टची बस, तिच्यामागे सगळं मध्य मुंबई. हवालदार आला, काचेतून वाकून बघत म्हणाला, "फियाट का?" पद्मिनीला सगळे फियाटच म्हणतात. त्याच्या काकांकडे होती. मुंबईत प्रत्येकाच्या काकांकडे फियाट होती आणि प्रत्येकाला तिच्यातलं कळतं. चौघांनी ढकलून कडेला घेतली. थोडा वेळ घाम पुसून चावी फिरवली, तर गाडी हसत चालू!

पुढची सगळी भानगड या हसत चालू होण्यामुळे झाली. गाडी पंधरावीस मिनिटं चालायची, बंद पडायची, जरा थांबलं की पुन्हा सुरू व्हायची. म्हणजे बंद पडल्यावर तुम्ही काहीही करा, त्या उपायाला गुण येणारच.

तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा म्हणाले, "अरे, व्हेपर लॉक! पंप तापतो, आत पेट्रोलची वाफ होते. ओलं फडकं टाक." टाकलं. चालू झाली. आजोबांनी गॅलरीतून असा हात हलवला की जणू ध्वजवंदन चाललं होतं.

भाचा इंजिनियर. त्याचं म्हणणं, हल्लीच्या पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असतं, जुन्या काळचं रबर त्याने फुगतं, नळी आतून मिटते. हे खरंही आहे. नळ्या बदलल्या, क्लिपा बदलल्या. गाडी चालू झाली आणि माहीम कॉजवेवर पुन्हा बसली.

मेस्त्री म्हणाले, "टाकीतला कचरा पुढे आलाय." मग कार्बोरेटर खोलला, त्यातल्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोलच्या बारीक भोकात, फुंकर मारली, पेट्रोल ओढणाऱ्या पंपाचा डायफ्राम, म्हणजे आतला पडदा, बदलला. पंपापाशी नळी सोडून पेट्रोल किती येतं ते बाटलीत धरून बघितलं, तर धार अशी की मेस्त्रींनी माझ्याकडेच संशयाने पाहिलं. "साहेब, तुम्ही चालवता कशी?" अर्थात तपासणी नेहमी गाडी विश्रांती घेऊन ताजीतवानी झाल्यावर व्हायची.

आईने एकच विचारलं, "टाकी बसवल्यावर नारळ फोडलास का?" फोडला. गाडी चालू झाली. आता काय बोलणार?

बायको मात्र शास्त्रीय दृष्टीची. ती म्हणाली, "अहो, पुढच्या वेळी बंद पडली की काहीच करू नका, नुसते बसून राहा." मला ते पटलं होतं, पण मुंबईच्या रस्त्यात नुसतं बसून राहू देतंय कोण?

निदान झालं ते सायन सर्कलला. गाडी बंद, बॉनेट वर, भोवती नेहमीची समिती. एक वयस्क टॅक्सीवाला आपली टॅक्सी लावून आला. ऑक्टोबर 2023 मध्ये पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून गेल्या, त्याआधी याने जन्मभर तीच चालवलेली. त्याने इंजिनकडे पाहिलंसुद्धा नाही. सरळ मागे गेला. "टंकी नया डाला क्या?" आणि झाकण फिरवलं.

फुस्सऽऽ!

हवा बाहेर नाही, आत जात होती. पंप पुढून पेट्रोल ओढतो, तेवढी हवा टाकीत शिरायला हवी. तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं की धार अडखळते ना, तसं. झाकणाला त्यासाठी बारीक छिद्र असतं. आमच्या झाकणाचं छिद्र गाडी रंगवताना रंगाऱ्याने हौसेने आतूनबाहेरून स्प्रे मारून बुजवलेलं. मग इतके दिवस गाडी चालली कशी? जुन्या टाकीच्या गंजलेल्या भोकांतून श्वास घेत! आम्ही ज्या भोकांवर साबण चोळत होतो, त्यांच्याच कृपेवर आमचं पेट्रोल चढत होतं. गाडी थांबली की कुठून कुठून हवा झिरपायची, आणि त्याचं श्रेय फडक्याला नाहीतर नारळाला.

टॅक्सीवाल्याने झाकण सैल ठेवायला सांगितलं आणि चहालाही न थांबता निघून गेला. घरापर्यंत एक आचका नाही.

मेस्त्रींनी टाचणीने छिद्र मोकळं केलं. बिलात त्याचे पैसे लावले नव्हते. नळ्या, क्लिपा, डायफ्राम, कार्बोरेटर धुलाई आणि 'इतर' यांचे होते. 'इतर' म्हणजे काय हे विचारल्यावर ते म्हणाले, "डोकं लावलं ना साहेब!"

आजोबा अजून व्हेपर लॉकवर ठाम आहेत. भाच्याने मला इथेनॉलवरचा आणखी एक लेख पाठवलाय. आईने काहीच म्हटलं नाही, पण गाडीसाठी लिंबू-मिरची आणून ठेवली.

राहता राहिला पेट्रोलचा काटा. नवी टाकी बसवल्यापासून तो जागचा हललेला नाही. टाकी भरा नाहीतर रिकामी करा, तो तिथल्या तिथे. मेस्त्री म्हणतात, टाकीला रंग जाड आहे, अर्थिंग मिळत नाही, थोडा खरवडावा लागेल. आजोबांनी गॅलरीतून हे ऐकलं असावं, कारण ते खाली येताना दिसले आणि हातात फडकं होतं.