आधार ब्लॉकचेनवर टाकलं, तरी झेरॉक्सवाल्याकडच्या प्रतीचं काय?

आमच्या परळच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो फॉरवर्ड तिसऱ्यांदा आला. म्हणणं असं: आधार-पॅन ब्लॉकचेनवर टाका, मग डेटा चोरीला जाणं अशक्य, मालकी फक्त तुमची, एस्टोनियाने हे कधीच केलंय. खाली १७ अंगठे. म्हणून हे लिहायला बसलो.

‘चोरी अशक्य.’ ब्लॉकचेन म्हणजे अनेक संगणकांवर एकाच वेळी ठेवलेली वही. प्रत्येक पानावर आधीच्या पानाचा ठसा असतो, त्यामुळे मागे कुणी खाडाखोड केली की लगेच पकडली जाते. पण आपलं दुखणं खाडाखोडीचं नाहीच; नको त्याच्या हाती प्रत पडते, हे आहे. स्टेशनबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानात जा. ‘या नंबरवर व्हॉट्सॲप करा’ म्हणतात, आपण करतो. स्क्रीनवर मागच्या गिऱ्हाइकांची आधारकार्डं ओळीने मांडलेली. परवा मी म्हटलं, माझं डिलीट करा. त्याने हसत केलं, रीसायकल बिनमध्ये. इथे कुठली चेन आडवी येणार?

यावर काही जण म्हणतात, ‘नंबर नाही, फक्त त्याचा हॅश (गणिताने नंबरापासून काढलेला सांकेतिक ठसा) ठेवतात, म्हणजे कुणाला कळणार नाही.’ हा मुद्दा हुशार वाटतो, म्हणून जरा थांबतो. हॅश उलटा फिरवता येत नाही, हे खरं. पण फिरवायची गरजच काय? आधार १२ आकडी. पहिला आकडा ० किंवा १ नसतो, शेवटचा आधीच्या ११ वरून गणिताने ठरतो. उरतात ८,००० कोटी शक्यता. गेम खेळायला पोरं घेतात तसलं चांगलं ग्राफिक्स कार्ड साधे हॅश सेकंदाला शेकडो कोटी काढतं. सगळे काढून जुळवून बघा, चहा निवायच्या आत नंबर हातात. हॅश काढण्याआधी नंबरात गुप्त ‘सॉल्ट’, म्हणजे कुणाला माहीत नसलेली जादा अक्षरं, मिसळली तर हे जमत नाही. मात्र ते सॉल्ट सांभाळणार कोण? कुठलं तरी ऑफिसच. म्हणजे जो मधला माणूस घालवायला निघालो, तोच पुन्हा खुर्चीत.

‘मालकी तुमची.’ म्हणजे माहिती उघडणारी चावी, एक लांबलचक गुप्त आकडा, फक्त तुमच्याकडे, आणि हरवली तर हरवली. ब्रिटनमधल्या न्यूपोर्टच्या एका गृहस्थाची हार्ड डिस्क २०१३ मध्ये कचऱ्यात गेली. त्याच्या हजारो बिटकॉइनची चावी त्या डिस्कमध्येच होती, ती बिटकॉइन अजून तशीच अडकलेली आहेत. जुलै २०२४ मध्ये आपल्या मुंबईच्या वझीरएक्स या क्रिप्टो खरेदी-विक्रीच्या कंपनीतून सुमारे २३ कोटी डॉलरची क्रिप्टो गेली, तेव्हाही चेन शाबूतच होती. माझे वडील महिन्यातून दोनदा एटीएमचा पिन विसरतात. ते आपल्या डिजिटल ओळखपत्राची चावी विसरले तर कुठल्या खिडकीवर उभं राहायचं?

शिवाय २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याने आपली माहिती पुसून टाका म्हणायचा हक्क दिलाय. न पुसणं हीच ज्या वहीची शेखी, तिच्यात तो कसा बजावणार?

एस्टोनियाचं तर अर्धंच सांगतात. तिथली ओळख चालते चिपच्या कार्डावर आणि डिजिटल सहीवर. ब्लॉकचेनसारखं तंत्र आहे ते सरकारी नोंदींत फेरफार झाला का हे तपासायला. २०१७ मध्ये त्या चिपमध्येच खोट निघाली, सुमारे ७.६ लाख कार्डांना फटका बसला. निस्तरलं सरकारनेच.

फॉरवर्डमध्ये खरं काहीच नाही असं नाही. दाखला बनावट आहे का, हे तपासायला ही वही चांगली. गडचिरोलीतल्या एटापल्लीत २०२२ मध्ये जातीचे दाखले असेच पडताळता यावेत म्हणून प्रयोग झाला. आणि जन्मतारीख न दाखवता ‘१८ पूर्ण’ एवढंच सिद्ध करता येतं, हेही खरं. फक्त त्याला नीट डिजिटल सही पुरते, चेन लागतेच असं नाही.

तोवर मास्क्ड आधार आहे. आधार देणाऱ्या यूआयडीएआय या सरकारी संस्थेच्या साइटवरून फुकट उतरवता येतं, पहिले ८ आकडे झाकलेले असतात. हे मी ग्रुपवर टाकलं. सेक्रेटरी काकांचं उत्तर आलं, ‘भाडेकरूंच्या फाइलसाठी पूर्ण नंबरचीच झेरॉक्स लागेल, दोन प्रती.’ ती फाइल वॉचमनच्या टेबलाच्या खणात असते. खणाला कुलूप नाही.