गुलाबी पानं, पिवळी पानं

२०२४ च्या विधानसभेला ठाण्यातल्या एका उमेदवाराचं खर्चाचं रजिस्टर मी लिहीत होतो. पगारी काम. पक्ष विचारू नका, कमेंटमध्ये मारामाऱ्या होतील.

या रजिस्टरला तीन रंगांची पानं असतात. पांढऱ्यावर रोजचा खर्च, गुलाबीवर रोकड, पिवळ्यावर बँक. अर्ज भरल्यापासून निकालापर्यंतचं सगळं त्यात आलं पाहिजे. मंडप, खुर्च्या, रिक्षावरचा भोंगा, अगदी वडापावसुद्धा, दर जिल्हा निवडणूक कार्यालय ठरवून देतं. प्रचार चालू असतानाच तीनदा तपासणी. एका चौकसभेला मी ७० खुर्च्या लावल्या होत्या, म्हणजे वहीत. आयोगाच्या पथकाच्या व्हिडिओत ९० निघाल्या. वीस खुर्च्यांसाठी लेखी खुलासा दिला! तेव्हा वैताग आला, पण खरं सांगतो, मनातून बरं वाटलं. कुणीतरी मोजतंय.

मग एका सकाळी वर्तकनगरात नाक्यानाक्यावर बॅनर. मी बिल मागितलं, तर कार्यकर्ता हसला. "काका, नीट बघा. आपल्या साहेबांचा फोटो आहे का कुठे? चिन्ह आणि वरचे नेते. ते पक्षात जातं."

नियमाने पोरगा बरोबर होता. उमेदवाराचं नाव-फोटो नसलेला सर्वसाधारण प्रचार पक्षाच्या नावावर. स्टार प्रचारकांचा प्रवास, हेलिकॉप्टरसकट, तोही पक्षाचा. उमेदवाराला मर्यादा ४० लाखांची, पक्षाला मर्यादाच नाही. विधानसभेनंतर ७५ दिवसांत आयोगाला खर्चाचं विवरण द्यायचं, बस्स.

ही पळवाट आजची नाही. १९७४ मध्ये कंवरलाल गुप्ता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं की, पक्षाने उमेदवारासाठी केलेला खर्चही त्याच्याच हिशेबात धरा. त्याच वर्षी कायदा बदलून तो निकाल निकामी केला गेला. २००३ मध्ये जरा आवळलं, तरी पक्षाचं पातेलं उघडंच राहिलं. यावर कुठल्या पक्षाने सभागृह डोक्यावर घेतल्याचं मला तरी आठवत नाही.

माझं म्हणणं एवढंच : पक्षालाही मर्यादा घाला, आणि मतदारसंघागणिक हेच तीन रंगांचं रजिस्टर त्यांनाही लिहायला लावा. प्रचार चालू असतानाच तपासा. ७५ दिवसांनी बॅनर कोण मोजणार? तोवर त्यांच्या ताडपत्र्या होऊन पत्र्यांवर चढलेल्या असतात.

निकालापासून ३० दिवसांत हिशेब द्यावा लागतो, नाहीतर तीन वर्षं अपात्र ठरण्याची टांगती तलवार. आम्ही वेळेत दिला. एकूण आकडा ४० लाखांच्या बराच खाली आला. त्या वीस खुर्च्या धरून.