तिला आंबा रंगवायला देऊ नका

आज डोकं तापलंय, त्यामुळे पोस्ट लांब होणार.

गोव्यातली सरकारी मराठी शाळा, पहिलीचा वर्ग. पुढची मुलं बोट ठेवून एका सुरात पाठ वाचतायत. मागच्या चटईवर एक मुलगी झेरॉक्स काढलेला आंबा पिवळ्या खडूने रंगवत बसलीय. एक आंबा संपला की दुसरा आंबा. तिला वाचायला का नाही घेत, असं विचारल्यावर बाई म्हणाल्या, "ताका जमचें ना. बापूय कंपनींत कामाक, घरांत सगळीं कन्नड उलयतात. ताका नांव बरोवपाक आयलें म्हणजे जालें." म्हणजे तिला जमणार नाही, वडील कंपनीत कामाला, घरात सगळे कन्नड बोलतात, नाव लिहिता आलं म्हणजे झालं. बाई वाईट नाहीत. अगदी मायेने बोलल्या. मला चीड आली ती त्या मायेचीच.

संध्याकाळी फोन उघडला तर एका ग्रुपवर हाच विषय. मागे पडलेल्या मुलांसाठी निकष सैल करा, कोवळ्या जीवांवर ताण नको. खाली अंगठ्यांची रांग. अंगठे देणाऱ्यांची मुलं केजी वन, केजी टू करून, घरी चित्रांची पुस्तकं चघळून, फाडून पहिलीत गेलेली. त्यांच्या मुलांचे निकष कुणी सैल करणार नाही. सैल होणार ते चटईवरच्या मुलीचे.

निकष आहे तरी काय? २०२१ च्या जुलैत निपुण भारत हे केंद्र सरकारचं पायाभूत वाचन-गणिताचं अभियान सुरू झालं. त्याप्रमाणे पहिलीच्या शेवटी मुलाने चार-पाच सोप्या शब्दांचं वाक्य वाचायचं आणि ९९ पर्यंतच्या संख्या वाचायच्या-लिहायच्या. दुसरीच्या शेवटी मिनिटाला ४५ ते ६० शब्द, तिसरीच्या शेवटी निदान ६०, तेही समजून. बस्स. यात कोवळ्या जीवाचा छळ कुठे आहे, मला दाखवा. अक्षर-अक्षर फोडत वाचणारं मूल वाक्याच्या टोकाला पोचेपर्यंत सुरुवात विसरलेलं असतं. मग शाब्दिक उदाहरण गेलं, परिसर अभ्यास गेला. आणि आपल्याकडे गोव्यात सरकारी प्राथमिक शाळा चौथीला संपते. पाचवीला मूल हायस्कुलात, बहुतेक वेळा इंग्रजी माध्यमात. तिथे त्याला मराठी वाचायला शिकवायला कुणी बसलेलं नसतं. म्हणजे जे काय करायचं ते या चार वर्षांत. पहिलीत ‘नाव लिहिलं म्हणजे झालं’ म्हणणं म्हणजे चारातलं एक वर्ष त्या मुलीच्या खात्यातून काढून घेणं.

फिनलंडात मूल सात वर्षांचं होतं त्या वर्षी शाळा सुरू होते, असं म्हणाल तर मान्य. पण तिथल्या मुलाला सात वर्षं घरी आणि बालवाडीत कुणीतरी गोष्टी वाचून दाखवलेल्या असतात. ते अर्धं उदाहरण सांगू नका.

ही मुलं मागे म्हणजे नेमकी कशात? बुद्धीत नाही. पुस्तक कुठल्या बाजूने उघडतं हे कुणी दाखवलेलं नसतं. शब्दाचे तुकडे कानाला वेगळे ऐकू येत नसतात. पुस्तकातली मराठी कानावरून गेलेली नसते. हे कोकणी बोलणाऱ्या मुलालाही थोडं लागू आहे, कन्नड किंवा उडिया बोलणाऱ्याला जास्त. आणि हातात खडू-पेन्सिल धरलेली नसते. चारही गोष्टी शिकवता येतात. आंबे रंगवून यातली एक तरी येईल का? फार तर चौथी, तीही अर्धी. अख्खा लांब खडू मुलं मुठीत धरतात. खडूचा बोटाच्या पेराएवढा तुकडा द्या, तीन बोटांची पकड आपोआप येते. चिंचोके वेचणं, कागद फाडून चिकटवणं, माती मळणं यांनी बोटं तयार होतात. ओळीत अक्षर बसवायची घाई जूनमध्ये नकोच. इथे मी ताण-नको-वाल्यांच्या बाजूची आहे, तेवढ्यापुरतीच.

आता वाचनाचं. अ ते ज्ञ क्रमाने गेलात तर ऑक्टोबर उजाडला तरी मुलाला धड शब्द वाचता येत नाही. मधे ङ आणि ञ येऊन बसतात, ज्यांनी सुरू होणारा एकही रोजचा शब्द नाही. मग बाराखडी. चौतीस व्यंजनं धरली आणि बारा रूपं, तर चारशेवर आकृत्या. मुलं ती गाण्यासारखी म्हणतात आणि आपण खूश. ती आंबेवाली मुलगीसुद्धा क ची बाराखडी कः पर्यंत घडाघडा म्हणते. मधल्या ‘की’वर बोट ठेवलं की ती पुन्हा क, का, कि करत तिथवर चालत येते. तिला वाचन शिकवलंच नाही आणि ‘जमचें ना’ म्हणून मोकळे झालो.

त्याऐवजी अक्षरांचे लहान गट घ्या. म, क, न, र आणि सोबत काना. एवढ्यात नाक, कान, मान, मका, रान, काका, मामा, नमन हे शब्द होतात आणि ‘काका, मका आण’ म्हणायला पुढच्या गटात फक्त ण आणि आ लागतो. एका गटाला साधारण दोन आठवडे. घ-ध, भ-म, ब-व असल्या जुळ्या जोड्या एकाच गटात घालू नका, गोंधळ तिथेच होतो. पहिली वेलांटी उशिरा घ्या, कारण ती लिहायची आधी आणि म्हणायची नंतर. ‘कि’मध्ये डोळ्याला ि आधी दिसते आणि तोंडाने क् आधी काढायचा असतो. सहा वर्षांच्या मुलाने तिथे अडखळावं यात नवल काय?

अक्षरांआधी रोज दहा मिनिटं बोलणं. एकच गोष्ट चार दिवस. पहिल्या दिवशी चित्रं दाखवून सांगायची. दुसऱ्या दिवशी वाक्य अर्धं सोडायचं, मुलांनी पुरं करायचं. तिसऱ्या दिवशी मुलांनी सांगायची, कन्नडमध्ये सांगितली तरी चालेल, आपण तेच मराठीत म्हणायचं. चौथ्या दिवशी एका मुलाचं वाक्य फळ्यावर लिहायचं आणि बोट फिरवत सगळ्यांनी वाचायचं. मग पाच मिनिटं टाळ्या. माटोळी, तीन टाळ्या. नारळ, दोन टाळ्या. ‘काजू’तला का काढला तर काय उरलं? ज्या मुलाला हे कानाने जमत नाही त्याला अक्षर डोळ्याने दाखवून उपयोग नसतो. नंतर पंधरा मिनिटं अक्षरगट, पाच मिनिटं मागची उजळणी. रोज पस्तीस मिनिटं झाली. आणि ही पस्तीस मिनिटं खेळाच्या तासातून कापू नका, मुलाला ती शिक्षाच वाटते.

दर शुक्रवारी एकेका मुलाला दोन मिनिटं जवळ बोलवा. दहा शब्द द्या, शिकवलेल्या अक्षरांचे पण पुस्तकात नसलेले. त्यात दोन निरर्थक घाला, ‘नामका’, ‘नारमा’ असे. पाठ केलेलं मूल तिथे उघडं पडतं. सुरात वाचणाऱ्या वर्गातली कितीतरी मुलं पान न बघताच म्हणत असतात. चित्र हाताने झाका आणि खालच्या ओळीतला एक शब्द विचारा, लगेच कळतं. वळणदार अक्षरावरही जाऊ नका. फळ्यावरचं सुंदर उतरवून घेणारी आणि त्यातलं एक अक्षर न वाचणारी मुलं प्रत्येक शाळेत आहेत. त्यांच्या वह्या बघून पालक समाधानाने घरी जातात आणि चौथीत रडतात.

गणितातही तेच. पंचवीस ऐकलं की मूल ५२ लिहितं, कारण कानावर आधी पाच पडतात. एकोणतीस ऐकून ३९ लिहितं. याला ‘कच्चं’ म्हणतात! खराट्याचे हीर तोडून दहा-दहांच्या जुड्या करा, रबर लावा. दोन जुड्या डावीकडे, पाच सुटे उजवीकडे, मगच अंक. रबर लावायचं काम मुलानेच करायचं, आपण बांधून दिलेली जुडी त्याच्यासाठी दहा नसते, एक वस्तू असते. वजाबाकीत जुडी सोडावी लागते तेव्हा हातचा आपोआप समजतो.

काय चुकतं, तर ही मदत पहिलीच्या ऑगस्टमध्ये सुरू व्हायच्या ऐवजी चौथीच्या जानेवारीत सुरू होते. एनसीईआरटीचा ‘विद्या प्रवेश’ हा बारा आठवड्यांचा खेळांचा कार्यक्रम आहेच पहिलीच्या सुरुवातीला. पण त्यात जी मुलं अडखळली ती कोण, हे पाहून पुढे काही केलं तर त्याचा अर्थ. दुसरं, मूल गावी जातं. जत्रेला नाहीतर दिवाळीला गेलेलं कुटुंब महिन्याने परततं, तोवर वर्ग दोन गट पुढे. अशा मुलाचं एक साधं कार्ड ठेवा, कुठले अक्षरगट झाले, जुड्या कुठवर आल्या. मूल आलं की तिथून पुढे सुरू. शाळा बदलली तर कार्ड त्याच्यासोबत द्यायचं. तिसरं, पावसाळ्यात कान वाहतो त्या मुलाला अर्धं ऐकूच येत नसतं. आधी कान आणि डोळे तपासून घ्या. सहा महिने नीट शिकवल्याशिवाय मुलावर ‘एलडी’चा, म्हणजे लर्निंग डिसॅबिलिटीचा (अध्ययन अक्षमतेचा), शिक्का मारू नका. ज्यांना खरोखरच ती अडचण आहे त्यांना लवकर मदत हवी, हे खरंच आहे. पण न शिकवलेलं मूल आणि शिकू न शकणारं मूल यांत फरक करा.

दुसऱ्या टोकाचे लोकही आहेत. त्यांचं म्हणणं, पहिलीतच पुन्हा बसवा. तीच बाराखडी, तीच चटई, तेच आंबे, आणखी एक वर्ष? शिक्षण हक्क कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतरही मुलाला त्याच वर्गात मागे ठेवता येतं ते पाचवीत आणि आठवीत, आणि ते बरंच आहे.

इथवर लिहिताना राग थोडा खाली आलाय. त्या बाईंसमोर पहिली आणि दुसरी एकत्र बसते. मधेच निवडणुकीचं काम येतं. एका वर्गाला लिहायला देऊन दुसऱ्याला शिकवायचं, त्यात एकेकट्या मुलीसाठी वेळ कुठून काढायचा? हे मला कळतं. म्हणून तर म्हणते, सगळा भार त्यांच्यावर टाकू नका. वाड्यावर कन्नड आणि मराठी दोन्ही बोलणारी दहावी-बारावीची मुलं असतात. दुपारचं जेवण आणणाऱ्या बायकांपैकी एखादी असते. आठवड्यातून तीन दिवस अर्धा तास गोष्ट सांगायला त्यांना बोलवा. दुसरीतल्या वाचणाऱ्या मुलाला पहिलीच्या मुलाशेजारी बसवा, दोघांचं भलं होतं. पण निकष उतरवून वेळ वाचवू नका.

पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत आपण पंखे, कंपाउंड आणि गॅदरिंगचे कपडे यांवर दोन तास घालवतो. पुढच्या बैठकीत मुख्याध्यापकांना एवढंच विचारा: पहिलीतली किती मुलं न बघितलेला शब्द वाचतात, जी वाचत नाहीत त्यांना रोज कोण आणि किती वेळ घेऊन बसतं, आणि शुक्रवारच्या तपासणीची नोंदवही कुठे आहे. तुमचं स्वतःचं मूल छान वाचत असलं तरी विचारा. त्या मुलांचे आईबाप त्या वेळी शिफ्टवर असतात.