चुकलेला होरा

ग्रीसला जायचं हे दहा मिनिटात ठरलं. मी, बायको, लेक आणि नागपूरहून तीन महिन्यांसाठी इकडे स्टुटगार्टला आलेली आई, चौघांचं एकमत, जे आमच्याकडे चहात आलं किती घालायचं यावर पण होत नाही. मग मी सहज म्हणालो, कुठलं बेट? तिथेच माती खाल्ली.

ग्रीसची लहानमोठी धरून सहा हजारांच्या आसपास बेटं आहेत आणि त्यातल्या 227 वर माणसं राहतात. मला वाटायचं दोन असतील, एक सँटोरिनी आणि एक ते पार्ट्यांचं.

बायकोचं सँटोरिनी पक्कं होतं. पांढरी घरं, निळे घुमट, त्यावर कुठला ड्रेस उठून दिसेल तेही ठरलेलं. आईने मोबाईल हातात घेतला, फोटो दोन बोटांनी मोठा केला, घुमट सोडून नेमक्या पायऱ्या, आणि विचारलं, "बाप्पा, ह्या किती आहेत?" जुन्या बंदरापासून वर फिरा गावापर्यंत 588, असं मी वाचलं होतं ते बोलून गेलो. केबल कार पण आहे हे सांगेपर्यंत आईचा हात गुडघ्यावर गेला होता. आमच्या घरात गुडघ्यावर हात म्हणजे विषय बंद.

ते पार्ट्यांचं बेट म्हणजे मिकोनोस, तिथले भाव बघून बायकोनेच ती टॅब बंद केली. पण त्याच्या शेजारी डिलोस म्हणून बेट आहे, तिथे प्राचीन काळी जन्माला यायला आणि मरायलाच बंदी होती, दिवस भरलेल्या बायका आणि शेवटच्या घटका मोजणारी माणसं उचलून पलीकडच्या बेटावर नेऊन ठेवायचे. आई म्हणाली, "चांगलं आहे की, मला तिथेच सोडा." तर तिथे आता रात्री राहताच येत नाही. क्रीट बघितलं, अडीचशे किलोमीटरच्या वर लांब, म्हणजे नागपूर ते अकोला, आणि मधे डोंगर. लेकाला कासवं बघायची होती, ती झाकिंथोसला, म्हणजे देशाच्या पार दुसऱ्या बाजूच्या समुद्रात.

शेवटी ऑफिसातल्या ग्रीक मित्राला विचारलं. रत्नागिरीवाल्याला देवगड हापूसबद्दल विचारल्यासारखं झालं. त्याच्या आजीचं बेट सोडून बाकी सगळी बेटं टुरिस्टांसाठी केलेली आहेत म्हणे. वर त्याने विचारलं, कधी जाताय? आमच्या इथल्या शाळा जुलैच्या शेवटी सुटतात, म्हणजे ऑगस्टशिवाय इलाज नाही. मग मेल्टेमी बघ, म्हणाला. नाव ऐकून मला आइसक्रीमचा फ्लेवर वाटला. तर हा उन्हाळ्यातला उत्तरेचा वारा, जोरात सुटला की फेरी बंदरातच उभी. आणि 15 ऑगस्टच्या आसपास तर येऊच नका, मेरीमातेचा सण असतो, अख्खा ग्रीस गावाला जातो, तिनोस बेटावर भाविक बंदरापासून चर्चपर्यंत गुडघ्यांवर रांगत जातात. हे मी आईला सांगितलं नाही.

तोवर आईनेच नवीन भानगड काढली. सँटोरिनीचा फावा नावाचा पदार्थ तिला कुठल्यातरी व्हिडिओत दिसला, पिवळी डाळ शिजवून घोटलेली, वरून तेल आणि कच्चा कांदा. "अरे ही तर आपली लाखोळी!" मी शोधलं तर खरंच, लाखोळीच्याच कुळातली डाळ निघाली. झालं, पायऱ्या गेल्या खड्ड्यात, आईला आता सँटोरिनी पाहिजे आणि बायकोचं मन मात्र तोवर उडालेलं, कारण तिच्या ऑफिसातल्या तिघी ह्या वर्षी तिथेच चालल्यात.

तोडगा म्हणून नॅक्सोस निघालं. मुख्य गाव बंदरालाच, लेकाला उथळ समुद्र, बायकोला अपोलोच्या अर्धवट राहिलेल्या देवळाचा तो नुसता उभा संगमरवरी दरवाजा, मागे सूर्यास्त. आणि आईला बटाटे. नॅक्सोसचे बटाटे अख्ख्या ग्रीसमधे प्रसिद्ध आहेत. "मग भाजीचा प्रश्न मिटला," आई म्हणाली आणि झोपायला गेली.

रात्री दीड वाजता मी हॉटेल बुक केलं. स्वस्तातलं, तळमजल्यावरची खोली, होरा गावात. पैसे परत न मिळणारा रेट घेतला, पाच आठवड्यांनंतर आता कोण मत बदलणार म्हणून.

आता ग्रीसमधे गंमत अशी की बहुतेक बेटांवर मुख्य गावाला होराच म्हणतात, आपल्याकडे तालुक्यागणिक एक वडगाव असतं ना, तसं. आणि माझ्या अकरा टॅब उघड्या होत्या.

सकाळी आईने चहा पिता पिता ईमेल मोठ्याने वाचला. "होरा, अमोर्गोस. हे कोणतं रे?"

नॅक्सोसच्या पुढचं, म्हटलं. छान आहे. तिथे कड्याला चिकटलेला पांढराशुभ्र मठ आहे, अकराव्या शतकातला.

आईने कप खाली ठेवला. "कड्याला म्हणजे? वर जायचं कसं?"